काळीज तोंडाशी आणणारी गाडी

बेलटोल्याचे मालगुजार चैतराम पटेल यांना दुलारी नावाची एकच मुलगी होती आणि तिच्यात एकच खोड होती. तिला काही विचारलं की ती खरं सांगायची.

लहानपणी या खोडीचं कौतुक झालं. सतराव्या वर्षी, सोयरीक जमवायला निघालेल्या बापाला तिचा जाच होऊ लागला. तिरोड्याकडचे पहिले पाहुणे जेवून, ढेकर देऊन म्हणाले, पोरीच्या हाताला चव आहे. दुलारी म्हणाली, हाताचं ठाऊक नाही, भाजी मायने केली. पाहुण्यांनी पान घेतलं नाही. दुसऱ्या पाहुण्यांतला मुलाचा मामा जरा हौशी होता. आमचा मुलगा कसा वाटला, असं त्याने विचारलं. असल्या प्रश्नाला मुलीने मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची असते, हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं. दुलारीने मुलाकडे नीट पाहून घेतलं आणि सांगितलं, "बरा आहे जी. पन आल्यापासून पेंगून राहिला." मुलगा खरोखरच पेंगत होता. पण पेंगणाऱ्या मुलांची लग्नं होत नाहीत असं थोडंच आहे? पाहुण्यांनी बैल जुंपले.

तिसरे पाहुणे येणार होते ते देवरीकडचे केशोराव पटेल. तीनशे एकर धानाची जमीन, दारात बैलांच्या दोन दमण्या, आणि हिरालाल नावाचा मुलगा, जो मॅट्रिकच्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. हेही पाहुणे गेले तर पोवारांच्या छत्तीस गावांत आपल्या मुलीचं नाव होईल आणि ते नाव पुसायला आपलं उरलेलं आयुष्य पुरणार नाही, असं चैतराम पटेलांनी हिशेबाने ठरवून टाकलं होतं. बायको शामकलाबाईंना त्यांनी बजावलं, पोरीला समजाव. शामकलाबाई म्हणाल्या, समजावलं. ती म्हणते, मग मला कोणी काही विचारूच नका.

पाहुण्यांचा दिवस मंडईचा ठरला. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचा तमाशा, आणि घरोघर सोयरेधायरे. कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा हे ज्याने त्याने गर्दीत ओझरतं पाहून घ्यायचं आणि वर म्हणायचं, आम्ही तर मंडईला आलो होतो.

त्या वर्षी, म्हणजे चौतीस साली, बेलटोल्याच्या मंडईत एक नवीन चीज आली. जबलपूरकडचा भैय्यालाल नावाचा खेळवाला चार बैलगाड्यांत सागाचे खांब, लोखंडी पट्ट्या आणि चाकं लावलेली दोन माणसांची एक पेटी भरून आला आणि मंडईच्या दोन दिवस आधी तलावाच्या पाळीजवळ त्याने तो सगळा पसारा उभा केला. त्याला तो पहाडगाडी म्हणत होता. पहाड म्हणजे सगळ्यात उंच टोक पटेलांच्या माडीइतकं. तिथून पेटी सोडायची, ती घरंगळत खाली यायची, पुढे कमरेएवढे दोन उंचवटे चढून उतरायची आणि शेवटी तनसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात तोंड खुपसून थांबायची. घाईत नसलेल्या माणसाने वीस आकडे मोजावेत, एवढाच सगळा प्रवास.

जागा पटेलांची, म्हणून चैतराम पटेल पाहायला गेले. भैय्यालालने पेटीत धानाची पोती घालून दोनदा सोडून पाहिली होती. आता जिवंत वजन पाहिजे, पटेलसाहेब बसले तर मेहरबानी होईल, असं तो अदबीने म्हणाला. पटेल शिडीने चढले आणि पेटीत बसले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. शिवाय त्यांच्या डोक्यात केशोराव होते, दुलारी होती, आणि हलकं धान कापून अजून शेताच्या बांधीत पडलेलं होतं. वर बसल्या बसल्या त्यांनी भैय्यालालला विचारलं, "हे खांबाचे गड्डे कितीक खणले?" तेवढ्यात पेटी सुटली. तनसात शिरून थांबली तेव्हा पटेलांनी वाक्य पुरं केलं, "जाताना बुजवून जाजो. बैलाचा पाय जाते."

भैय्यालालचा चेहरा पडला.

"कुछ हुआ नहीं, पटेल साहब?"

"काय व्हायचं होतं?"

भैय्यालाल धंद्यात पंधरा वर्षं मुरलेला माणूस. त्याने आजूबाजूला पाहिलं, पटेलांच्या अंगरख्यावरचं तनस स्वतःच्या हाताने झटकलं आणि हात जोडले. "यह बात किसी से कहिएगा मत। आप पर्चा आने से पहले बैठ गए, गलती मेरी है। लोग गाड़ी में नहीं बैठते, मालिक, पर्चे में बैठते हैं।"

पटेलांना यातलं काही कळलं नाही. घरी आल्यावर दुलारीने विचारलं, कशी आहे गाडी? या घरात खरं विचारायची आणि सांगायची खोड निदान दोघांत तरी होती. पटेल म्हणाले, बंडी नाल्यात उतरते ना, तेवढंच; त्यातही बंडीला बैल असतात, तेवढी तरी करमणूक. दुलारीने मान डोलावली आणि पहाडगाडीचा विषय तिच्यापुरता संपला.

पर्चा दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या छापखान्यातून आला. गुलाबी कागद, हिंदी मजकूर, वर बोटांएवढी अक्षरं: आइए! बैठिए! पहाड़-गाड़ी! कलेजा मुँह को आएगा!

आता मराठी माणसाचा जीव कंठाशी येतो, मुठीत येतो, टांगणीला लागतो, आणि त्याची कोणी चौकशी करत नाही, कारण जीव कोणी पाहिलेला नाही. कलेजाचं तसं नव्हतं. कलेजी बेलटोल्यात सगळ्यांनी पाहिली होती. ती बोकडाच्या पोटातून निघते, काळपट लाल असते, पानात बांधून घरी आणता येते. ती माणसाच्या तोंडात येणार, असं छापील कागदावर लिहून आलं होतं. हिंदी तर गोंदियाच्या बाजारात प्रत्येक जण बोलत होता, पण ती भावताव करण्यापुरती. तिच्यात एवढं आतलं काही असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. दिवसभर गावात एकच चर्चा: येते म्हणजे कुठवर येते, आणि परत जाते की नाही?

या प्रश्नाचं उत्तर मंडईच्या सकाळी दमणीत बसून आलं.

केशोराव पटेल ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि त्यांनी पर्चा हातात घेतला. केशोरावांचा एक मोठा गुण असा, की ज्या विषयात त्यांना काही ठाऊक नसे त्या विषयात ते सावकाश बोलत. आठ वर्षांपूर्वी ते कलकत्त्याचं प्रदर्शन पाहून आले होते. तेव्हापासून देवरीच्या आसपास कुठेही काहीही निघालं, मग ते रेशमाचं कापड असो की मूळव्याध, केशोरावांनी ते कलकत्त्याला मोठं पाहिलेलं असे. पहाडगाडीही त्यांनी तिथे पाहिली होती. बसलेही होते. शेजारी कोण बसलं होतं आणि खाली कसे उतरले हे ते सांगत नसत, पण मधलं सगळं सांगत.

ओसरीवर आधी पाच माणसं होती, मग पंधरा झाली, मग अंगण भरलं. केशोरावांनी समजावून दिलं, की कलेजा उजव्या बरगडीखाली बसलेला असतो. गाडी सुटली की तो जागेवरून उठतो. आधी छातीत येतो, मग गळ्यात, मग दातांपाशी. तिथे दात आवळून धरले तर तो मुकाट्याने माघारी जातो. ओरडायला हरकत नाही, पण दातांतल्या दातांत. कलकत्त्याला एका बंगाली बाबूचा जिभेपर्यंत आला होता, गोऱ्या डॉक्टरने तो चमच्याने मागे लोटला. तो बाबू पुढे जगला, पण गोड लागेना त्याला.

"मग त्यात बसाचं तरी कायले?" कोणीतरी मागून विचारलं.

केशोरावांनी त्या माणसाकडे पाहिलं. तो धोतर गुडघ्यावर नेसला होता. "ज्याले कलेजा आहे त्यानं बसाचं," ते म्हणाले. "ज्याले नाई, त्यानं नोको बसू."

यानंतर न बसण्याची सोय कोणालाच राहिली नाही.

चैतराम पटेल बाजूला बसून ऐकत होते. दोन दिवसांपूर्वी त्या पेटीत बसून त्यांच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं, हे सांगायला त्यांनी एकदा तोंड उघडलंही होतं. पण केशोरावांसारख्या पाहुण्याला चारचौघांत खोटं पाडायचं, तेही सोयरिकीच्या दिवशी? त्यांनी उघडलेल्या तोंडात सुपारी टाकली. आणि पाहुणे सांगतच राहिले. एक तास गेला, दोन गेले. तिसऱ्या तासाला चैतराम पटेलांचा उजवा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला. तिथे काहीतरी होतं खरं.

दुपारपर्यंत बेलटोल्याने जय्यत तयारी केली. पोट रिकामं असलं तर कलेजा कमी उठतो की भरलेलं असलं तर, यावर दोन मतं पडली, म्हणून निम्मं गाव उपाशी राहिलं आणि निम्मं तुडुंब जेवलं. पण कमरेला शेला करकचून आवळायचा, यावर एकमत झालं. बायांनी पदराचे बोळे करून हाताशी ठेवले. दंडारीवाले नाचून नाचून दमले, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

पहिल्या खेपेला बसलेल्या दोघांनी पेटी सुटायच्या आधीच बोंब ठोकली. भैय्यालालने दोर अजून हातात धरलेला होता. ते शांत होईपर्यंत तो थांबला, मग त्याने दोर सोडला, तेव्हा त्यांनी पुन्हा ठोकली. तनसातून त्यांना काढलं तर एकाचे डोळे मिटलेले आणि दुसऱ्याचे दात बसलेले. लोकांनी वाट करून दिली. दात बसलेल्याने खुणेने सांगितलं, इथवर आला होता. गर्दीतून कौतुकाचा हुंकार उठला.

मग खेपांवर खेपा सुरू झाल्या, आणि त्याबरोबर एक चढाओढ. कोणाचा कुठवर आला? आणि या गावाची अक्कल पाहा, तासाभरात त्यात पायऱ्या लागल्या. मजुरांचा छातीपर्यंत येऊ लागला. कुळांचा गळ्यापर्यंत. दोन-चार बैलजोड्यांचे जे धनी होते, त्यांचा टाळूला लागून गेला. गावच्या कोतवालाने उतरल्यावर भोळेपणाने सांगितलं की आपला दातांना लागला, तेव्हा लोकांनी त्याला तिथल्या तिथे दटावलं. पटेलांची खेप अजून व्हायची होती. कोतवालाने विचार करून सांगितलं की गळ्यापर्यंत आला असेल, घाईत नीट कळलं नाही.

काहीच झालं नाही असा एकही माणूस निघाला नाही. निघणार तरी कसा? त्याने उतरून काय सांगायचं, मला कलेजा नाही?

केशोराव स्वतः बसले नाहीत. ज्याने कलकत्ता केला त्याला हे काय, असं म्हणून त्यांनी मुलाला पुढे केलं. हिरालाल बसला, आला, आणि तनसातून उठला तो ओठ घट्ट मिटून. बापाची शिकवण होती. त्यानंतर तो बोलला नाही. पाणी दिलं तर मान हलवून नको म्हणाला, पान दिलं तर कोपरीच्या खिशात ठेवलं. त्याची आई सावित्रीबाई आसपासच्या बायांना सांगत होती की आमच्या पोराचा पुरता दातांपर्यंत आला आहे, आज काही तो बोलायचा नाही. त्या हे अशा आवाजात सांगत होत्या, जसा काही तो मॅट्रिक पास झाला.

आणि मग सावित्रीबाईंनी शामकलाबाईंकडे वळून म्हटलं, पोरीला बसवा.

आपल्याला सुनेचं रूपरंग नको, असं त्या म्हणाल्या. रंग उन्हाने जातो. पण कलेजा हलणारी पोरगी पाहिजे. जिचा कलेजा जागचा हलत नाही ती सासूला काय भिणार?

चैतराम पटेलांच्या पायाखालची पाळ सरकली. आपणच त्या मुलीला सांगून बसलो आहोत, बंडी नाल्यात उतरते तेवढंच! आणि तिच्या कानावर केशोरावांचं एक अक्षर गेलेलं नव्हतं. ती पहाटेपासून चुलीपाशी होती, पाहुण्यांसाठी वडे तळत. त्यांनी तिला बैलाच्या गोठ्याआड नेलं.

"फक्त ओरडजो, माय. एक डाव."

"काऊन ओरडू? तुमीच म्हटलं ना, कायी होत नाई म्हून."

"म्हटलं. पन ओरड."

"मले येनार नाई, बाबूजी. खोटं ओरडली तर हासू येते."

पटेलांनी डोळे मिटले. ओरडू नको, पण निदान पदर तोंडाशी धर, आणि उतरल्यावर कोणी विचारलं तर बोलू नको, एवढं त्यांनी मागितलं. विचारलं तर कशी बोलणार नाही, असं दुलारी म्हणाली. मग विचारायचं तरी कशाला, ही तिची जुनीच तक्रार होती.

एकटी मुलगी कशी बसवायची, म्हणून शेजारी बापच बसला. शामकलाबाईंनी त्यांच्या कमरेला शेला इतका आवळला की त्यांना वाकता येईना. ते सकाळपासून उपाशी होते. शिडी चढताना त्यांनी मनाशी दहा वेळा म्हटलं, आपण हिच्यात बसलो आहोत, हिच्यात काही नाही. पायऱ्याही दहाच होत्या. वर आल्यावर त्यांनी खाली पाहिलं. खाली शे-दीडशे तोंडं वर करून उभी होती, सगळ्यांत पुढे केशोराव, सावित्रीबाई आणि ओठ मिटलेला हिरालाल. दोन दिवसांपूर्वी पाहायला खाली फक्त एक बकरी होती.

भैय्यालालने दोर सोडला.

तोच पहाड, तीच पेटी, बसणारा माणूसही तोच. पण पेटी खाली झेपावली आणि चैतराम पटेलांच्या उजव्या बरगडीखालून ते उठलं. त्यांना ते नक्की कळलं. छातीत आलं, गळ्यात आलं, गरम होतं, आणि त्याला किंचित खारट चव होती. दात आवळायचे हे त्यांच्या लक्षात होतं, पण दात ऐकेनात. "मेलो व माय," असं ते ओरडले, आणि ते पार गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाला ऐकू गेलं असेल. पहिल्या उंचवट्यावर त्यांनी एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा जबडा धरला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

दुलारी शेजारी बसली होती. पहाटे उठलेली, धुराने डोळे चुरचुरत असलेली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच कुठेतरी टेकलेली. वारा थंड लागत होता. दुसऱ्या उंचवट्यावर तिला जांभई आली. लांब, सावकाश, डोळे मिटवणारी. चारचौघांत जांभई देताना तोंडावर हात ठेवावा, एवढं वळण शामकलाबाईंनी तिला लावलं होतं, म्हणून तिने तळहात तोंडावर धरला, आणि जांभई संपेपर्यंत धरून ठेवला. मग पेटी तनसात शिरली.

चैतराम पटेल जिभेने तोंड आतून चाचपत होते. दुलारी आपली आपण उतरली आणि लुगड्यावरचं तनस वेचू लागली.

सावित्रीबाई पुढे आल्या. त्यांनी मुलीच्या हनुवटीला बोट लावलं.

"भेली होतीस काय व, बाई?"

चैतराम पटेलांनी मुलीकडे पाहिलं. आवाज काढायला गेले तर नुसती हवा निघाली.

"नाई जी," दुलारी म्हणाली. "जांभई आली होती."

देवरीची सोयरीक त्या तीन शब्दांत बुडाली, असं चैतराम पटेलांना दिसलं. त्यांनी डोळ्यांपुढे दमणीही पाहिली, बैलही पाहिले, बैलांच्या शेपट्याही. तेवढ्यात सावित्रीबाईंनी पदराने डोळे टिपले.

"आयकलं काय जी?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जांभई म्हनते. कलेजा तोंडात आला, तर हात लावून झाकला पोरीनं. कोनाले दिसू नाई देल्ला. अन् वर म्हनते जांभई."

केशोरावांनी सावकाश मान हलवली. आपण कलकत्त्याला मोठमोठ्या घरच्या बायका पाहिल्या, पण असलं झाकणं पाहिलं नाही, असा त्यांनी निवाडा दिला. त्यांच्या मते मर्द माणूस असून बाप केवढ्याने बोंबलला, पण लेकीने हूं केलं नाही. खानदान म्हणतात ते हे.

"खरंच जांभई होती, जी," दुलारी म्हणाली. "पहाटेपासून तुमच्यासाठी वडे तळून राहिली मी. झोप नाई झाली."

"पाहा, अजून झाकून राहिली," सावित्रीबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि जमलेल्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. एका म्हातारीने दुलारीची दृष्ट काढली. दुलारीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं होतं. मग तिने सगळ्यांचे चेहरे एक एक करून पाहिले, भैय्यालालचाही पाहिला, जो मान खाली घालून दोराच्या गाठी मोजत होता, आणि तोंड मिटून घेतलं. तेही लोकांना आवडलं.

उन्हं कलायच्या आत दमणी जुंपली. देवरी लांब, वाट जंगलाची. पाळीवरून परतल्यावर केशोरावांनी आपला होकार ओसरीवर देऊन टाकला होता. आता मुलीच्या बापाने मुलाच्या शेल्यात नारळ घातला की झालं, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तिथी मागाहून काढायची. केशोराव आणि सावित्रीबाई दमणीत बसले होते. केशोराव सवयीने गाडीवानाला कलकत्त्यात बैल कसे हाकतात ते सांगत होते. चैतराम पटेल नारळ घेऊन हिरालालपुढे आले. मागे दुलारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

हिरालालने शेला पसरला. दमणीकडे एकदा पाहिलं. आणि दुपारपासून मिटलेले ओठ उघडले.

"पटेलजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मले कायी झालं नाई. बसलो, आलो. नुसता वारा लागला. बाबूजीले सांगू नोका, पन खोटं सांगून कसा नेऊ नारळ?"

नारळ चैतराम पटेलांच्या हातातच राहिला.

दोन दिवसांपूर्वी त्यांनी या मुलाला मिठी मारली असती. आता ते दुखावले. ज्या गाडीत आपला कलेजा दातांना लागून गेला, खारट चवीसकट, आपण जिवानिशी वाचलो, तिच्यात या मुलाला नुसता वारा लागला? तीनशे एकरांचा वारस, आणि आत काही हलू नये? कोतवालाचासुद्धा गळ्यापर्यंत आला होता. असल्या बिनकलेजाच्या घरी एकुलती एक मुलगी द्यायची का, हा प्रश्न त्यांना पडला, आणि खरोखरच पडला. त्यांनी नारळ छातीशी धरला आणि मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दमणीतून केशोरावांनी हाक दिली की उशीर होऊन राहिला.

चैतराम पटेलांनी खाकरून घसा साफ केला. साक्षगंधाचं जरा दमाने पाहू, असं काहीतरी ते बोलणार होते.

दुलारीने तांब्या ओट्यावर ठेवला. तिने हिरालालकडे पाहिलं, जसं दुसऱ्या सोयरिकीच्या वेळी त्या पेंगणाऱ्या मुलाकडे पाहिलं होतं, पण जरा जास्त वेळ.

"नारळ द्या, बाबूजी," ती म्हणाली.

"अगं, पन हा म्हनते—"

"आयकलं मी. द्या."

त्यांनी दिला. देताना तोंड वाकडं केलं, ते हिरालालने पाहिलं आणि आदराने पुन्हा ओठ मिटून घेतले.